परण्याच्या घोडीवरून बारावीची परीक्षा

या गोष्टीवर कोणाचाही विश्वास बसणार नाही. बसूच नये. जो लगेच विश्वास ठेवील त्यानं एकदा डॉक्टरला नाडी दाखवून यावी. पण बोरखेडी ते जाफराबाद या रस्त्यावर जेवढे मारुती आहेत, तेवढे या गोष्टीला साक्षीदार आहेत, आणि मारुतीनं आजवर कोणाला खोटं सांगितलेलं नाही. तो बोलतच नाही, हा भाग वेगळा.

तर बोरखेडीत कडूबा नावाचा एक गडी होता. उंच, देखणा, मिशीला पीळ, अंगात दोन बैलांचं बळ. अक्कल तर इतकी की डोक्यात मावत नसे, म्हणून थोडी थोडी तो वाटेनं सांडत जाई. त्याच्याकडं एक पिकअप होती. जालन्याला कापूस न्यायला म्हणून घेतलेली. पण कापूस वर्षातून जेमतेम दोन महिने. बाकी वर्षभर त्या एवढ्या मोठ्या गाडीत कडूबा एकटाच. दाढी करायला पिकअप. शेतावर वखर बघायला पिकअप. मागच्या गल्लीत कोणाच्या दहाव्याला जायचं तरी पिकअप. गल्लीत वळवायला जागा नसायची, म्हणून दहावा आटोपला की सगळे पाहुणे मिळून तिला मागं ढकलत न्यायचे. मागचा हौद तर इतका लांब, की पुढची चाकं शिवेबाहेर पडली तरी मागची चाकं अजून पारावरच्या म्हाताऱ्यांना राम राम करत असायची.

मग दोन हजार साल उजाडायच्या सुमारास डिझेल वाढलं. असं वाढलं की पंपावरचा पोऱ्या नळी उचलायच्या आधी गिऱ्हाइकाला खाली बसवून पाणी पाजायला लागला. कडूबाची पिकअप गोठ्यासमोर उभी राहिली. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घालायला सुरुवात केली.

"म्हैस उभ्या उभ्या दूध देती," कडूबाची बायको साळूबाई म्हणाली. "ही उभ्या उभ्या नुसती आपलं तोंड बघती. काढून टाका एकदाची."

"काढून टाकू अन् मंग येऊ जाऊ कशानं?"

"पायानं. देवानं दिलेत दोन."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या साली कडूबाची एकुलती एक लेक शिवकन्या बारावीला होती, आणि परीक्षेचं केंद्र होतं जाफराबादला. साळूबाईचा भाऊ काकासाहेब भाचीसाठी स्थळ हुडकून बसला होता. पोराची शेती होती, विहीर होती, मोटारसायकल होती. शिवकन्येला मात्र मास्तरीण व्हायचं होतं. बारावीला चांगले मार्क पडले तर डीएडला नंबर लागतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

काकासाहेबानं ओसरीवर बसून सुपारी कातरली आणि तोडगा काढला. "दाजी, पोरगी एका दमात पास झाली तर शिकवा खुशाल. म्या आडवा येणार न्हाई. पण एक जरी पेपर बुडला, तर वैशाखात अक्षता. बोला."

मिशीवाल्या माणसाला विचार करून सांगतो असं म्हणता येत नाही. कडूबा म्हणाला, "ठरलं."

काकासाहेब गेल्यावर शिवकन्या आतून बाहेर आली. तिनं रडारड केली नाही, बापाला एवढंच म्हणाली, "बाबा, लिहायचं माझ्याकडं. न्यायचं तुमच्याकडं."

आता न्यायचं कसं? गावात एस्टी येत नव्हती. फाट्यावर यायची ती दारातून माणसं लोंबकळतच यायची, आणि बोरखेडीकरांना बघून ड्रायव्हर वेग वाढवायचा. काळ्यापिवळ्या जीपमध्ये माणसं भरता भरता शेवटी ड्रायव्हरच बाहेर राहायचा आणि खिडकीतून हात घालून गाडी चालवायचा. त्यात पोरीला पेपरला कोण बसवणार? पिकअप काढावी तर ती जाता येता एवढं डिझेल प्यायची की परीक्षा संपेपर्यंत म्हैस विकायची वेळ आली असती.

कडूबा विचारात पडला आणि विचार करत करत जाफराबादला चांदमल शेठकडं गेला. शेठचा लग्नातलं सामान भाड्यानं द्यायचा धंदा. मांडव, गाद्या, पातेली, रोषणाई, आणि नवरदेवासाठी एक पांढरीशुभ्र घोडी. लग्नसराई तोंडावर आलेली, आणि बैलगाडीतून निघालेला मांडव पोचेपर्यंत लग्न लागून जातं म्हणून शेठ एका दणकट गाडीच्या शोधात होते.

"पाटील," शेठ घोडीच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "डिझेल पीत न्हाई. पंक्चर होत न्हाई. नाल ठोकून घेतली की बघायचं काम न्हाई. तुमची पिकअप मला द्या, ही तुम्ही घेऊन जा."

"स्वभाव कसा?"

"अहो, जिंदगीभर नवरदेव वागवले इनं! ज्याला घोडं कुठून चढायचं ते माहीत न्हाई, असा बी माणूस इच्यावरनं कव्हा पडला न्हाई."

"रस्ता?"

"बिलकुल पाठ! तालुक्यातलं असं एक गाव दाखवा जिथं ही डोळे झाकून जाणार न्हाई."

चांदमल शेठ कधी खोटं बोलत नसत. खरं बोलताना कुठं थांबायचं, तेवढं त्यांना कळत होतं. कडूबानं मनातल्या मनात मिशीला पीळ दिला. डिझेल पिणारी बला शेठच्या गळ्यात मारली, वर मखमलीची झूल आणि गोंडे फुकट मिळाले. असा सौदा तालुक्यात दुसऱ्या कोणाला जमला नसता, हे मात्र खरं.

साळूबाई दारात आरतीचं ताट घेऊन उभी होती, नवी गाडी येणार म्हणून. घोडी बघून तिच्या हातातलं ताट वाकडं झालं. "पिकअप देऊन घोडी आणली? उद्या घर देऊन छत्री आणसाल!"

पहिल्या पेपराच्या दिवशी दिवस उगवायला बापलेक घोडीवर बसले. पुढं कडूबा, मागं शिवकन्या, तिच्या छातीशी परीक्षेचं पॅड. कडूबानं टाच मारली. घोडी हलली नाही. लगाम ओढला. घोडी हलली नाही. साळूबाईनं गूळ दाखवला, घोडीनं गूळ खाल्ला आणि तिथंच उभी राहिली. गाव गोळा झालं. तेवढ्यात शेजारचा तातेराव विहिरीवर निघाला होता, त्याच्या हातातला पत्र्याचा डबा दाराला आपटला. ढण्ण!

घोडीनं कान टवकारले आणि पाऊल उचललं.

"बाबा," शिवकन्या हळूच म्हणाली, "हिला बँड लागतो."

आता बँड कुठून आणायचा? कडूबानं तोंडानं पिपाणी धरली, मांडीवर ताशा धरला, आणि पें पें करत, तडतड करत तो गावाबाहेर पडला. घोडी चालत होती, पण वरातीच्या चालीनं. चार पावलं पुढं, मग थांबून मान वर. कारण वरातीत पुढं पोरं नाचत असतात, त्यांचं नाचून होईस्तोवर घोडीनं थांबायचं असतं. पुढं कोणीच नाचत नव्हतं, तरी ती न नाचणाऱ्यांसाठी थांबत होती. कडूबा पुढं वाकून रिकाम्या रस्त्याला म्हणाला, "झालं असंल तर सरका की!" आणि आपण कोणाशी बोललो, हे त्याला कळेना.

पहिलं गाव आलं. डांबरी रस्ता सरळ जाफराबादला जात होता. घोडी डावीकडं वळली. कडूबानं लगाम उजवीकडं ओढला, घोडी डावीकडंच. गल्लीतून, उकिरड्यामागून, पाण्याच्या टाकीखालून ती थेट मारुतीच्या देवळासमोर जाऊन उभी राहिली.

आपल्याकडं लग्न लागायच्या आधी नवरदेवाला घोडीवर बसवून, वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात. त्याला परण्या म्हणतात. या घोडीनं उभ्या आयुष्यात शेकड्यांनी परण्ये केलेले. तिच्या हिशेबानं गाव म्हणजे मारुती. मारुतीपुढं नारळ फुटल्याशिवाय माघारी फिरायचं नसतं, एवढा रिवाज तिला तालुक्यातल्या भटजींपेक्षा जास्त पाठ होता.

पारावर चांगुणाबाई नावाची म्हातारी डाळ निवडत बसावं तसं माणसं निवडत बसली होती. तिनं कपाळावर हात धरून वर पाहिलं. "नवरदेव थोराड दिसतो गं माय."

"दुसरपणाचा असंल," तिची शेजारीण म्हणाली.

"करवली मातर तरणीताठी हाय."

"अहो आजी, म्या नवरदेव न्हाई!" कडूबा ओरडला. "पेपरला चाललो!"

"पेपरात द्यायला चाललाय लग्नाचं," चांगुणाबाईनं शेजारणीला समजावलं, आणि उठून कडूबाला कुंकू लावलं.

नारळ आणला, फोडला. घोडी वळली. पुढचं गाव आलं, घोडी उजवीकडं वळली. पुन्हा मारुती, पुन्हा कुंकू, पुन्हा नारळ. शाळेच्या फाटकात पोचले तेव्हा घंटा वाजत होती. शिवकन्या उडी मारून पळाली. कडूबा लिंबाखाली बसला, कपाळभर कुंकू, खिशात नारळाचे तुकडे, आणि त्याला एवढंच समजेना, की आपण घोडीवर बसून आलो, का घोडी आपल्याला घेऊन तिच्या कामाला आली होती.

दोन पेपर झाले तेव्हा साळूबाई म्हणाली, "डिझेल परवडलं असतं. नारळ परवडत न्हाईत."

तोड शिवकन्येनंच काढली. नारळाच्या दोन रिकाम्या करवंट्या तिनं दप्तरात घातल्या. मारुती आला की घोडीच्या कानामागं त्या एकमेकींवर आपटायच्या. खाट! नारळ फुटला असं समजून घोडी वळायची. मारुती बघायचा, पण तो सांगायला थोडाच येतो.

रोज वाटेत मागून भोंगा वाजायचा. कडूबाचीच पिकअप. आता तिच्या कपाळावर शेठनं झेंडूची माळ घातलेली, मागच्या हौदात मांडवाचे बांबू, गाद्या, पातेली. चांदमल शेठ खिडकीतून डोकं काढायचे.

"पाटील, बसता का? जल्दी पोचू."

"न्हाई शेठ," कडूबा छाती काढून म्हणायचा, "तुमचं डिझेल जपा."

"पोरीला तरी सोडतो. तिकडंच चाललो."

"तिला बी घोडीच लागती आता."

शिवकन्या मान उंच करायची. पिकअप दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची आणि मग पुस्तकात डोकं घालायची. घोडीच्या पाठीवर पुस्तक वाचायची तिला इतकी सवय झाली होती, की घरी वाचताना ती आपोआप डुलायला लागली.

इकडं गावोगाव बातमी पसरली. बोरखेडीचा कडूबा रोज घोडीवर बसून मारुतीच्या पाया पडतो, पण त्याचं लग्न काही लागत नाही. कोणी म्हणे नवस आहे. कोणी म्हणे नवरी पळाली. फाट्यावरच्या हॉटेलात दोन जणांची यावरून मारामारी झाली. एक बाई साळूबाईला बाजारात भेटून म्हणाली, "तुमच्या मालकाचं जमलं म्हणं?"

"जमलं असंल," साळूबाई म्हणाली. "कोणाशी जमलं ते सांगा, लुगडं घ्यायला बरं."

कडूबानं कपाळ धुतलं तरी कुंकू निघेना. आरशात बघताना त्याला स्वतःलाच वाटायला लागलं की आपलं कुठंतरी जमलेलं असणार, आणि आपल्यालाच सांगायचं राहून गेलं असणार. एकदा तो झोपेतून उठून साळूबाईला म्हणाला, "तुमचं गाव कोणतं?" त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

शेवटचा पेपर भूगोलाचा. त्या दिवशी लग्नाची मोठी तिथी होती. जाफराबादच्या अलीकडं, पूर्णेच्या काठाला एक गाव आहे. तिथल्या अण्णासाहेबाच्या घरी पोराचं लग्न. मांडव पडलेला, बँड तयार, नवरदेव फेटा बांधून ओट्यावर उभा, आणि घोडीचा पत्ता नाही. अण्णासाहेबानं घोडी सांगितली होती दिवाळीतच, चांदमल शेठला. शेठनं घोडी पिकअपवर बदलली तेव्हा ही गोष्ट त्यांच्या ध्यानातून पार निघून गेली होती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला पांढरी घोडी दिसली. वर कडूबा, मागं शिवकन्या, हातात करवंट्या.

"आली! आली!" मांडवात एकच गलका झाला. "काय हो, किती उशीर! अन् तुम्ही कोण वर बसलात? उतरा!"

"ही घोडी माझी हाय!"

"मंग बराबर. तुम्हीच हाकायचं." असं म्हणून अण्णासाहेबाच्या भावकीनं कडूबाच्या पुढ्यात नवरदेव चढवला.

"अहो, पोरीचा पेपर हाय!"

"पेपर? आमचं बी लग्न छापून आलंय पेपरात, मंग?"

बँड सुरू झाला. कडूबाच्या तोंडाच्या पिपाणीवर इतके दिवस काढलेल्या घोडीला खरा बँड ऐकू आला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती अशी काही नाचायला लागली की नवरदेवाचा फेटा सुटून कडूबाच्या डोक्यावर बसला. बायकांनी फेटा बघून कडूबालाच ओवाळलं. एकीनं त्याला बुंदी भरवली. मांडवापाशी शेठ पिकअपमधून पातेली उतरवून घेत होते, तिथूनच ओरडले, "पाटील, पोरगी मला द्या! पेपर चाललाय!" पण बँडच्या आवाजात कडूबाला ऐकू आलं नाही. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. पुढं कोण, मागं कोण, लग्न कोणाचं, पेपर कशाचा, डोक्यावर फेटा का, तोंडात बुंदी कशी. काकासाहेबाला दिलेला शब्द तेवढा त्याच्या छातीत ठोके देत होता. एक पेपर बुडला की अक्षता. आणि अक्षता तर समोरच्या परातीत रंगवून तयार होत्या.

मग त्याच्या डोक्यात जी अक्कल मावत नव्हती, तिच्यातली थोडी नेमकी त्या वेळी जागेवर सापडली.

त्यानं फेटा सावरला आणि गर्जना केली, "हा मारुती न्हाई! आज मान जाफराबादच्या मारुतीचा!"

घोडीला मारुती म्हणजे मारुती. तिनं तोंड फिरवलं. सगळं वऱ्हाड तिच्या मागं, वऱ्हाडाच्या मागं बँड, बँडच्या मागं कुत्री. पूर्णा आडवी आली. त्या साली पूर्णेला असा पूर आला होता की या काठावरची म्हैस त्या काठावर हंबरली तर आवाज भिजून यायचा. बँडवाले काठावर थबकले. पण त्यांनी सूर मध्येच तोडला नाही, आणि घोडीनं त्या सुरावरच झेप घेतली. पुढं नवरदेव, मध्ये कडूबा, मागं शिवकन्या, हवेत. खालून मासे तोंड वर करून बघत होते. हवेत असतानाच शिवकन्येनं नकाशाची एक शेवटची उजळणी केली, कारण वरून नदी कशी वळते ते तिला बराबर दिसत होतं.

टाप जमिनीला लागली ती थेट शाळेच्या फाटकात. घंटा वाजत होती. पर्यवेक्षकानं चष्मा काढून पुसला. "परीक्षार्थी कोण?"

"ही," कडूबा म्हणाला.

"आणि हा फेटेवाला?"

"म्या नवरदेव न्हाई," कडूबा म्हणाला.

"मी हाय," नवरदेव म्हणाला. "पण म्या दहावी नापास हाय."

शिवकन्या वर्गात पळाली. घोडी तिच्या मागं गेली आणि खिडकीत मान घालून उभी राहिली. तालुक्यातलं एकूण एक गाव तिच्या पायाखालचं, भूगोल तिचा पक्का. शिवकन्येनं नकाशात पूर्णा जरा वाकडी काढली, की घोडी मान हलवायची. शिवकन्या खोडायची. बराबर आली की घोडी फुरफुरायची. पर्यवेक्षकानं ते पाहिलं, नियमाचं पुस्तक चाळलं, पण घोडीनं सांगितलेलं उत्तर कॉपीत धरायचं का नाही, ते त्याला कुठं सापडेना, आणि म्हणून त्या साली भूगोलात अख्ख्या जालना जिल्ह्यात...

"बाबा!"

सुट्टीला माहेरी आलेली शिवकन्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शाळेत मास्तरीण, गप्प बसवायचा आवाज तयार. पिठाचा हात तसाच वर धरून ती म्हणाली, "मार्चात पूर्णेला पूर येतो व्हय? मी करवंट्या तुमच्या हातात देऊन मांडवापाशीच उतरले होते, आणि चांदमलकाकांच्या पिकअपमध्ये पातेल्यांवर बसून पेपरला गेल्ते. तुम्हाला ते पेपर सुटल्यावर कळलं. तव्हा तुम्ही पंगतीत बसून दुसऱ्यांदा बुंदी घेऊन राह्यले होते!"